बाइक आणि कारला मोठ्या आवाजाचा हॉर्न बसवताना : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनीचा हॉर्न बारीक वाजतो. सरळ नवा, मोठा घेऊ का?

थांबा, आधी मीटर लावा. हॉर्न बारीक वाजतो म्हणून नवा घेतला आणि तोही तसाच बारीक वाजला, असं बऱ्याच जणांचं होतं. दोष हॉर्नमध्ये नसून त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या व्होल्टमध्ये असतो.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन बंद, चावी चालू. बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट बघा. चांगली, भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. मग मीटरच्या सळ्या थेट हॉर्नच्या दोन पिनांवर टेकवा आणि कुणाला तरी बटण दाबायला सांगा. हॉर्न वाजत असतानाचं रीडिंग महत्त्वाचं, नुसता कपलर (वायरींचा प्लग) काढून घेतलेलं नाही. बटण दाबलेलं असतानाच पुन्हा बॅटरीवर बघा. बॅटरीवर १२.२ आणि हॉर्नवर १०.३ असेल, तर जवळजवळ दोन व्होल्ट वायर, बटण आणि जोडांमध्ये खर्च होत आहेत. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक, एकच्या वर गेलं की वायरिंग बघायलाच हवं.

तूट कुठे आहे तेही मीटरच सांगतो. हॉर्न वाजत असताना एक सळी बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी हॉर्नच्या प्लस पिनवर ठेवा. नंतर बॅटरीचा मायनस आणि हॉर्नचा मायनस. ज्या बाजूला आकडा मोठा, ती बाजू खराब. आठ-दहा वर्षांच्या बाइकमध्ये बहुतेक वेळा बटणाचे पितळी कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात. बारीक पॉलिश पेपर आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने ते साफ केले की बऱ्याच जणांचं काम तिथेच संपतं.

डिस्क, विंडटोन आणि एअर हॉर्न यात फरक काय?

डिस्क म्हणजे चपटी थाळी. आत कॉइल, पातळ पोलादी पडदा आणि एक कॉन्टॅक्ट. करंट आला की कॉइल पडदा ओढते, ओढताना कॉन्टॅक्ट उघडतो, करंट तुटतो, पडदा मागे येतो, कॉन्टॅक्ट पुन्हा जुळतो. हे सेकंदाला साधारण चारशे-पाचशे वेळा होतं. पडद्यासमोरची थाळी त्यात धार भरते, म्हणून डिस्कचा आवाज टोकदार येतो. जागा कमी लागते, पाण्याला दाद देत नाही, बाइकला सोयीचा.

विंडटोनमध्ये यंत्रणा तीच, पण आवाज शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीतून बाहेर पडतो. काही जण त्याला शंख हॉर्नच म्हणतात. आवाज भरदार आणि गोल असतो. जागा जास्त लागते, वजन जास्त, आणि नळीचं तोंड चुकीच्या दिशेला ठेवलं की पावसाचं पाणी आत.

एअर हॉर्नला छोटा कॉम्प्रेसर आणि प्लास्टिकचे भोंगे असतात. कॉम्प्रेसर एकटाच १५ ते २० अँपिअर खेचू शकतो. वाजायला किंचित उशीर लागतो, आणि अचानक कुणी आडवं आलं तर तोच उशीर नडतो. शहरातल्या गाडीला हा प्रकार आम्ही सुचवत नाही.

हॉर्न जोडीने का विकतात? एकच लावला तर?

जोडीत एक खालच्या सुराचा, साधारण ४०० हर्ट्झचा, आणि एक वरच्या सुराचा, साधारण ५०० हर्ट्झचा असतो. चाराला पाच हे प्रमाण गाणाऱ्यांना ओळखीचं आहे : सा आणि शुद्ध ग. दोन सूर एकत्र आले की कान पटकन टवकारतो, आणि गोंगाटात एक सूर बुडाला तरी दुसरा ऐकू येतो. द्वारका चौकातल्या घरघराटात हा फायदा खरा आहे.

आवाजाची पातळी मात्र दुप्पट होत नाही. सारख्या ताकदीचे दोन हॉर्न मिळून फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. त्यामुळे १००-१२५ सीसीच्या बाइकला एक चांगला डिस्क पूर्ण व्होल्टवर वाजवणं, हे अर्धपोटी जोडीपेक्षा केव्हाही बरं. एकच घ्यायचा तर खोक्यावरचा लो किंवा हाय टोनचा शिक्का बघून घ्या. नुसता हाय टोन एकटा कानाला किरकिरा लागतो.

खोक्यावर ३०० डेसिबल लिहिलंय. खरं असेल?

नाही. हवेत नेहमीच्या वातावरणीय दाबाला साध्या ध्वनिलहरीची कमाल मर्यादाच १९४ डेसिबलच्या आसपास येते. तीनशे हा आकडा छापखान्यात तयार झालेला आहे.

खऱ्या आकड्यालाही अंतराशिवाय अर्थ नाही. हॉर्न सुटा तपासताना मोजमाप २ मीटरवरून होतं, गाडीवर बसवल्यावर ७ मीटरवरून. या दोन अंतरांत मोकळ्यावर सुमारे ११ डेसिबल कमी होतात. म्हणजे २ मीटरवर ११५ असलेला हॉर्न गाडीपासून ७ मीटरवर १०४ च्या आसपास भरेल, ग्रिलमागे लपवला तर त्याहून कमी. खोक्यावर अंतर लिहिलेलं नसेल तर तो आकडा सोडून द्या आणि करंट किंवा वॅट, सुराची वारंवारता आणि हॉर्नच्या अंगावरची मान्यतेची खूण बघा. गोलात इंग्रजी ई आणि शेजारी आकडा, ही युरोपीय मान्यतेची खूण.

मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. इतक्या मोठ्या आवाजाला तो दाबला जातो आणि काहीतरी आकडा दाखवतो.

कायद्यात काय चालतं?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११९ वा नियम हॉर्नचा आहे. गाडीला मानकात बसणारा विद्युत हॉर्न हवा. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न चालत नाही, तसंच कर्कश, भेदक किंवा दचकवणारा आवाज करणारं साधनही चालत नाही. त्यात म्युझिकल हॉर्न, सायरन, कुत्र्याच्या भुंकण्याचा हॉर्न हे सगळे गेले. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलिसांच्या गाड्यांना वेगळी सूट आहे, तुमच्या पिकअपला नाही. लो आणि हाय टोन एकाच वेळी वाजणारी जोडी मात्र या बंदीत येत नाही. कित्येक कारना ती कंपनीतूनच असते.

कारसाठी गाडीवर बसवलेल्या हॉर्नची मानकातली मर्यादा ७ मीटरवर ९३ ते ११२ डेसिबल अशी आहे. चांगल्या बनावटीचा विंडटोन त्यात बसतो, ट्रकचा प्रेशर हॉर्न बसेलच असं नाही.

वाजवण्याचे नियम वेगळे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ एफ आलं : विनाकारण, सतत किंवा गरजेपेक्षा जास्त हॉर्न वाजवला, किंवा मनाईच्या जागी वाजवला, तर पहिल्या वेळी १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड. ध्वनिप्रदूषणाची मानकं मोडणारी गाडी रस्त्यावर चालवल्यास कलम १९० (२) लागू शकतं, आणि त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी जातं.

शांतता क्षेत्र म्हणजे नक्की कुठे?

रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. सीबीएसजवळचं जिल्हा न्यायालय आणि त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय डोळ्यांसमोर आणा, म्हणजे रोजच्या रस्त्यावर हे पट्टे किती जवळजवळ असतात ते कळेल. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतही, आणीबाणी सोडून, हॉर्नला मनाई आहे. गंगापूर रोडच्या सोसायटीखाली रात्री साडेदहाला मित्राला हाक मारायला हॉर्न वाजवणं यातच येतं. त्यासाठी फोन आहे.

रिले लागतोच का? मेकॅनिक म्हणतो थेट जोडतो.

रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. एकाच्या जागी तेवढाच करंट घेणारा दुसरा डिस्क लावत असाल तर नाही. त्याहून जास्त काहीही असेल तर लागतो.

हिशेब बघा. बाइकच्या मूळ हॉर्नची वायर बऱ्याचदा अर्ध्या एमएमची (म्हणजे अर्धा चौरस मिलिमीटर छेदाची) असते. तांब्याच्या अशा वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०३५ ओहम. जाऊन-येऊन चार मीटर धरले तर ०.१४ ओहम. विंडटोनची जोडी १० अँपिअर घेते असं धरलं, तर वायरमध्येच १.४ व्होल्ट जातात, बटण आणि इग्निशन स्विचमधली तूट वेगळी. तेच अडीच एमएमच्या वायरमध्ये ०.३ व्होल्टपेक्षा कमी जातात. शिवाय हँडलवरचं बटण दोन-तीन अँपिअरसाठी बनलेलं असतं. दहा अँपिअरने त्याचे कॉन्टॅक्ट जळतात आणि प्लास्टिक मऊ पडतं.

रिले लावला की बटणातून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, साधारण ०.१५ ते ०.२ अँपिअर. मोठा करंट बॅटरीतून जाड वायरने थेट हॉर्नकडे.

सामान किती आणावं? (बाइक, विंडटोन जोडी)

- १२ व्होल्ट, ३० किंवा ४० अँपिअरचा चार पिनी रिले, सॉकेटसह
- पात्याचा फ्यूज होल्डर झाकणासह, १५ अँपिअरचे दोन फ्यूज (एक जादा)
- अडीच एमएम लाल वायर २ मीटर, काळी २ मीटर. पाऊण एमएमची १ मीटर
- ६.३ एमएमच्या फिमेल थिंबल (वायरच्या टोकाला दाबायच्या पिना) ६, मेल २, बॅटरीसाठी रिंग थिंबल २
- हीट श्रिंक स्लीव्ह, केबल टाय, जाळीदार स्लीव्ह
- २५ बाय ३ एमएमची लोखंडी पट्टी, ८ एमएमचे बोल्ट, नायलॉक नट, स्प्रिंग वॉशर

वायरवर लिहिलेल्या आकड्यावर नाही, तांब्यावर विश्वास ठेवा. स्वस्त वायरचं आवरण जाड आणि आत तांबं बोटावर मोजण्याइतकं असतं. सोलून बघा, मगच कापून घ्या.

जोडणीचा क्रम सांगा.

१. बॅटरीचा मायनस आधी सोडा. लावताना तो शेवटी.

२. बॅटरी प्लसपासून फ्यूज होल्डर, तिथून रिलेची ३० नंबर पिन. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. वायर फ्रेमला घासून उघडी पडली तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा कुणीच वाचवत नाही, म्हणून तो तुकडा छोटा ठेवायचा.

३. ८७ नंबर पिनेतून लाल वायर हॉर्नपर्यंत, तिथे दोन फाटे.

४. दोन्ही हॉर्नच्या दुसऱ्या पिना काळ्या वायरने थेट बॅटरी मायनसला. फ्रेमवर अर्थ (अर्थिंग, म्हणजे मायनसची जोडणी) घ्यायचाच असेल तर रंग खरवडून चकचकीत लोखंडावर घ्या आणि वर ग्रीस लावा.

५. जुन्या हॉर्नचा कपलर न कापता त्यात मेल थिंबल घालून दोन वायरी ८५ आणि ८६ ला.

पाचव्या पायरीत एक सोय लपलेली आहे. काही गाड्यांत बटण प्लस देतं, काहींत अर्थ देतं, आणि यावरून मेकॅनिक लोकांत वाद होतात. जुन्या हॉर्नच्या दोन्ही वायरी रिलेच्या कॉइलला दिल्या की हा प्रश्नच उरत नाही, कारण साध्या कॉइलला उलट-सुलट चालतं. फक्त रिलेच्या अंगावर डायोडची (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाची) खूण असेल तर प्लस कोणती ते शोधून ती खुणेप्रमाणे लावा, बहुतेक ८६ ला. उलट लावलं तर डायोडमधून शॉर्ट होऊन फ्यूज उडतो.

रिले पिना खाली करून बसवा, पाणी साचत नाही. जोड पिळून टेप मारू नका. थिंबल पक्कडीने दाबा, ओढून बघा, वर स्लीव्ह. टेपचा गोंद नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात वितळतो आणि पावसाळ्यात आत ओल धरतो.

बॅटरी उतरेल का?

दोन सेकंद दहा अँपिअर म्हणजे एका अँपिअर-अवरचा दीडशेवा भागही नाही. हॉर्नने बॅटरी उतरत नाही. अडचण क्षणाची असते : १०० सीसीच्या बाइकची तीन-चार एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी, त्यातून जुनी, दहा अँपिअर मागितले की तिचे व्होल्ट कोसळतात, हॉर्न घोगरा होतो आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मीटर कन्सोल क्षणभर विझू शकतो. अशा गाडीला एक डिस्क, फार तर कमी करंटची डिस्क जोडी. आठ-नऊ एएचच्या मोठ्या बाइकला विंडटोन जोडी झेपते. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट येत नसतील तर आधी चार्जिंग बघा.

हॉर्न कुठे आणि कसा बसवायचा?

डिस्क हॉर्नबरोबर येणारी पातळ पात्यांची पट्टी फेकू नका. ती लवचीक असते म्हणूनच हॉर्न मोकळा वाजतो. जाड पट्टीने चेसिसला घट्ट आवळला तर अंगाचं कंपन चेसिसमध्ये जातं आणि आवाज दबतो. हॉर्नची कड कशालाही टेकता कामा नये, बोटभर मोकळी जागा सगळीकडून.

विंडटोनचं तोंड खाली, किंचित पुढे. वर किंवा सरळ समोर ठेवलं तर इगतपुरीच्या पावसात एका फेरीत नळी भरते. भरलीच तर हॉर्न काढून उलटा धरा, निथळू द्या, मग थोडा-थोडा वाजवा.

बाइकवर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि पुढचा ब्रेक धरून फोर्क दाबून बघा. मडगार्ड हॉर्नला लागत नाही ना, वायर ताणली जात नाही ना. रेडिएटरसमोरची हवा अडवू नका. कारमध्ये ग्रिलमागे एसीच्या कंडेन्सरपुढे जागा असते, पण तिथे ड्रिल मारताना हात एकदा सटकला की गॅस गेला. शक्यतो मूळ हॉर्नचं भोक आणि बॉनेट लॉकच्या पट्टीची भोकं वापरा.

कारला वेगळं काय करावं लागतं?

बहुतेक कारमध्ये हॉर्नचा रिले आणि १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज मूळचाच असतो. कव्हरच्या आतल्या तक्त्यावर बघा. नव्या जोडीचा करंट त्यात आरामात बसत असेल तर नुसती अदलाबदल पुरते. फ्यूज उडतो म्हणून २५ चा घालायचा नाही. वायर तीच राहते आणि मग फ्यूजऐवजी ती तापते. करंट जास्त असेल तर वरच्याप्रमाणे वेगळा रिले, मूळ कपलर फक्त कॉइलला.

कित्येक कारमध्ये हॉर्नला एकच वायर येते आणि अर्थ ब्रॅकेटमधून मिळतो. दोन पिनांचा नवा हॉर्न लावताना दुसरी पिन बॉडीला जोडायला विसरलं की रिले टकटक करतो, हॉर्न मुका.

स्टिअरिंग उघडू नका. त्या पॅडखाली एअरबॅग आहे. हॉर्न वाजत नाही, सोबत एअरबॅगचा दिवाही लागला असेल, तर स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) तुटलेली असण्याची शक्यता मोठी. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

इलेक्ट्रिक स्कूटरला चालेल?

१२ व्होल्टचा पुरवठा डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून येतो आणि त्याची मर्यादा ठरलेली असते. दिवे, डिस्प्ले, इंडिकेटर यातच तो बराच खर्च होतो. मूळ हॉर्नइतकाच करंट घेणारा डिस्क लावा, त्यापुढे जाऊ नका. मोठ्या बॅटरी पॅकमधून थेट वायर काढण्याचा विचारही नको. तो ४८ व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतो आणि वॉरंटी जाते ती वेगळीच.

बसवल्यावर बिघडलं तर कुठून शोधायचं?

फ्यूज घालताक्षणी हॉर्न सुरू, थांबतच नाही : पाच पिनी रिलेत ८७ ऐवजी मधली ८७ए वापरली आहे. ती पिन रिले बंद असताना जोडलेली असते.

रिले टकटक करतो, हॉर्न नाही : ३० वर व्होल्ट बघा, मग ८७ वर, मग हॉर्नचा अर्थ. या क्रमाने पाच मिनिटांत सापडतं.

टकटकही नाही : कॉइलच्या वायरी, जुना कपलर किंवा बटण.

आधी छान, आठवड्याने फाटका आवाज : डिस्क असेल तर ब्रॅकेटचा नट ढिला, किंवा पडद्याजवळ चिखल. मागच्या बाजूला रंगाने सील केलेला छोटा स्क्रू असतो, तो कॉन्टॅक्टचं अंतर ठरवतो. अगदीच गरज पडली तर एका वेळी फेऱ्याच्या आठव्या भागाइतकाच फिरवा आणि वाजवून बघा. मधला मोठा नट अजिबात हलवू नका, हॉर्न परत जुळत नाही.

चावी काढली तरी वाजतोय : रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले. बॅटरीचा प्लस थेट असल्याने चावीचा उपयोग नाही, फ्यूज ओढा. फ्यूज हाताला लागेल असा ठेवायचा तो याचसाठी.

घाटात जास्त फरक पडतो का?

नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाताना आंधळ्या वळणांवर खालच्या सुराचा उपयोग होतो; तो कडा-कपारीला वळून जास्त पोहोचतो. वळणाच्या आधी एकदा, छोटा. हायवेवर ऐंशीच्या वेगाने जाताना, काचा बंद करून गाणी लावलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला कुठलाही कायदेशीर हॉर्न ऐकू येईलच असं नाही. तिथे अप्पर-डिपर जास्त कामाचा.

जुन्या हॉर्नचं काय करू?

पिना पुसून, पिशवीत घालून, बोल्ट-ब्रॅकेटसह ठेवून द्या. व्यावसायिक गाडी फिटनेसला, किंवा पंधरा वर्षं झालेली खासगी गाडी पेठ रोडच्या आरटीओत नेताना, आणि गाडी विकताना तो लागतो. कपलर कापला नसेल तर पंधरा मिनिटांत परत बसतो.